परड्याची वही

गोष्ट २०२३ मधली, पाडव्याच्या आधीच्या रविवारची. मी परड्यात तुळशीजवळ बसून शेपूच्या जुड्या बांधत होते. तेवढ्यात मुलगा गवंड्याला घेऊन आला. टेपचं एक टोक गवंड्याच्या हातात, दुसरं मुलानं शेवग्याच्या बुंध्याला धरलेलं. "पस्तीस फूट भरतंय," गवंडी म्हणाला. "चार खोल्या आरामात निघतील. ह्ये झाड तेवढं मधी येतंय."

'ह्ये झाड' म्हणजे माझा शेवगा. लेकीच्या बारशाच्या वर्षी लावलेला. माझ्या हातातली जुडी सुटून खाली पडली.

मैत्रिणींनो, माझा मुलगा वाईट नाही हं! उगीच गैरसमज नको. त्याचं गणित बरोबरच होतं. आमचं उचगाव म्हणजे नावाला गाव. कोल्हापूर शहराला अगदी खेटून. या अंगाला टेंबलाईची टेकडी, त्या अंगाला गांधीनगरची कापडपेठ, पुण्या-बेंगळुरूचा महामार्ग उशाशी आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. कामाला येणाऱ्या माणसांना खोल्या पाहिजेत. गल्लीत ज्यांनी ज्यांनी परडं बुजवून खोल्या काढल्या, त्यांच्या घरी दर महिन्याला भाडं येतं. आमचे हे फौंड्रीत होते, २०२२ मध्ये रिटायर झाले. पेन्शन म्हणजे नुसती नावाला. लेकीच्या कॉलेजची फी भरायची होती. मग परडं नुसतं 'मोकळं' का ठेवायचं, असं मुलाला वाटलं तर त्याचं काय चुकलं?

चुकलं एवढंच, की ते मोकळं नव्हतं. त्यात माझी तीस वर्षं होती.

मी १९९३ मध्ये लग्न होऊन इथं आले, तेव्हा परडं म्हणजे नुसता मुरूम होता. घराच्या पायातून निघालेला सगळा मुरूम मागं पसरून टाकलेला. माहेरहून हौसेनं मोगऱ्याचं रोप आणलं होतं. ते पंधरा दिवसांत वाळून काटकी झालं. मी रडकुंडीला आले. तेव्हा आत्ती बाहेर आल्या. (आमच्याकडे सासूला आत्ती म्हणायची पद्धत.) मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्या माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, माती बी माणसावानी आसती. तिला खायाला घातल्याबिगार ती तुला काय खायाला घालंल?"

त्या दिवसापासून आम्ही दोघी मातीला खायला घालायला लागलो. भाज्यांची देठं, चहाचा चोथा, केळीची सालं, झाडलेला पालापाचोळा, शेजारच्या गोठ्यातलं पाटीभर शेण. आणि मुख्य म्हणजे उसाचं चिपाड! कोल्हापूर जिल्ह्यात उसाला काय तोटा? हमरस्त्यावरच्या रसवंतीवाल्याला चिपाडाची कटकटच असते. हे कामावरून येताना सायकलला पोतं बांधून आणायचे. लोक हसायचे. "काय पाटील, म्हस घेतलीसा काय?" असं विचारायचे.

थोड्या दिवसांनी कळलं, की आम्ही दोघी अडाणीपणानं जे करत होतो, त्याचं शास्त्र आमच्या कोल्हापुरातच एका माणसानं मांडून ठेवलं होतं. श्रीपाद अच्युत दाभोळकर. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे हे थोरले बंधू. माणूस गणिताचा, पण आयुष्यभर शेतकऱ्यांना आणि घरच्या बागा करणाऱ्यांना जोडत राहिला. त्यांचा 'प्रयोग परिवार' प्रसिद्ध आहे. २००१ मध्ये ते गेले. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक शेजारच्या गुरुजींनी मला वाचायला दिलं. सगळं समजलं असं म्हणणार नाही, पण तीन गोष्टी पक्क्या डोक्यात बसल्या. झाडाचं पान म्हणजे सूर्याच्या उन्हावर चालणारा कारखाना, तेव्हा अंगणात पडणारं ऊन वाया घालवू नये. काडीकचरा म्हणजे कचरा नव्हेच, तो जागच्या जागी मातीत जिरवावा. आणि तिसरी, कुणी सांगितलं म्हणून करू नये. स्वतः करून बघावं, बघितलेलं लिहून ठेवावं आणि दुसऱ्याला सांगावं. ही तिसरी गोष्ट पुढं फार उपयोगी पडली. ते ओघात सांगतेच.

चिपाडाची रीत विचारणाऱ्या बायका पुष्कळ असतात, म्हणून इथं लिहूनच टाकते. चिपाड आणलं की दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायचं. त्यातला गोडवा निघून गेला पाहिजे, नाहीतर मुंग्यांचं वारूळ झालंच म्हणून समजा! मग त्याचे हातभर तुकडे करून शेणकाल्यात भिजवायचे. जुनं पोतं किंवा तेलाचा रिकामा डबा घेऊन त्याला खाली भोकं पाडायची. तळाला चिपाड, वर पालापाचोळा, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा, वर दोन मुठी माती. असे थर द्यायचे आणि ओल मोडू द्यायची नाही. तीन-चार महिन्यांत पोतं निम्म्याला येतं आणि आतलं सगळं काळंभोर, भुसभुशीत होतं. मुठीत धरलं तर पावसाच्या पहिल्या सरीचा वास येतो. विकतचं सेंट काय करायचंय!

बी मात्र आत्तींचं खातं. दोडका वेलावरच वाळू द्यायच्या आणि खुळखुळा झाला की तसाच आढ्याला टांगायच्या. काळ्या घेवड्याचं बी राखेत घोळून गाडग्यात. भेंडीची पहिली जोमदार शेंग कुणी तोडायची नाही, ती बियाण्याची. मला वाटायचं, काय हे जुनं! वीस रुपयांत पाकीट मिळतं की. मग २०२० मध्ये अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेली बाई, आणि गावठी बियाणं जपलं म्हणून सगळा देश तिला 'बीजमाता' म्हणतो! मी आत्तींना टीव्हीवर त्यांचा फोटो दाखवला. आत्तींनी नऊवारीतल्या राहीबाईंकडं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "मग? मी तुला काय येगळं सांगत हुतो?"

मैत्रिणींनो, बाग काही वेगळा वेळ काढून होत नाही. संसाराच्या फटीफटीत ती होते. पहाटे नळाला पाणी आलं की एक घागर देवाला, एक झाडांना. डबे करता करता खिडकीतून वेलाकडं नजर. मुलांचा अभ्यास घ्यायला बसायचं तेही परड्यातच. थोरल्याचे पाढे आणि माझं खुरपं बरोबरच चालायचं. ह्यांच्या बायपासच्या वेळी दवाखान्यात बारा दिवस काढले. घरी आले तर आत्तींनी काठी टेकत टेकत एकेका झाडाला तांब्या-तांब्यानं पाणी घातलेलं. एक रोप मेलं नव्हतं. त्या दिवशी मी माणसांना बघून रडले नाही, झाडांना बघून रडले.

आणि कोहळा! त्याच्याशिवाय आमच्या परड्याची गोष्ट पुरी होत नाही. आषाढात बी टोकायचं, म्हणजे नवरात्राला फळ तयार. कोहळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं. पावसाळी हवेत मधमाश्या फिरकत नाहीत, मग फळ धरत नाही, कळीखालचा गोळा पिवळा पडून गळतो. अशा वेळी आपणच मधमाशी व्हायचं. ज्या फुलाखाली इवलासा गोळा असतो ते मादीफूल. नुसत्या देठावरचं ते नर. नरफूल तोडून त्यातले पराग मादीफुलाला अलगद टेकवायचे. बास्स! आठ दिवसांत फळ फुगायला लागतं. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा ह्यांनी विचारलं, "सकाळी सकाळी कुणाचं लगीन लावतीस?"

ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या भेटीला जाते आणि तिथं कोहळा फोडायचा मोठा विधी होतो. त्या कोहळ्याचा तुकडा मिळवायला माणसांची ही झुंबड उडते. मला त्यातलं एक फार आवडतं. एरवी घरात 'बाईनं अख्खा कोहळा चिरू नये' म्हणतात. आणि तिथं, सगळ्या कोल्हापूरच्या देखत, कोहळ्यावर त्रिशूळ चालवते ती एक लहान मुलगी! एका वर्षी मीही घरी गुपचूप विळी घेतली आणि कोहळा चिरला. काही झालं नाही. सांडगे नेहमीपेक्षा खुसखुशीतच झाले!

२०१९ चा ऑगस्ट तर आठवतच असेल. पंचगंगेचा तो महापूर! शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. शहराला पाणी देणारी उपसा केंद्रंच पुरात गेली, म्हणजे जिकडं तिकडं पाणी आणि नळ मात्र कोरडे. बाजारात भाजी येईना, आली तर हात लावायची सोय नाही. नणंदेचं घर नदीच्या बाजूला, ती सगळं बिऱ्हाड घेऊन आमच्याकडं आली. घरात अकरा माणसं. नऊ दिवस आम्ही परड्यावर निभावलं. एक दिवस आळूचं फदफदं, एक दिवस शेवग्याच्या पाल्याची भाजी, एक दिवस केळफूल, एक दिवस दोडक्याची भाजी आणि त्याच्याच शिरांची चटणी. शेजारणींनाही पाटी पाटी पाला दिला. नणंद जाताना म्हणाली, "वहिनी, तुझं परडं नव्हतं तर आम्ही नुसतं भात-मीठ खाल्लं असतं."

तर अशा या परड्यात टेप पडला होता. त्या रात्री मी जेवले नाही. कुणी विचारलं तर 'उपास आहे' म्हणाले. सांगायचं पुष्कळ होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. 'मला आवडतं म्हणून ठेवा' एवढंच म्हणणं म्हणजे लहान मुलीनं खेळण्यासाठी हट्ट करावा तसं वाटायला लागलं. आणि मग ती तिसरी गोष्ट आठवली. लिहून ठेवावं!

मी मुलाला म्हणाले, "मला एक वर्ष दे. पुढच्या पाडव्याला ठरवू." तो बरं म्हणाला. लेकीची अर्धी कोरी वही घेतली आणि पाडव्यापासून रोज लिहायला लागले. आज काय निघालं, किती, बाजारात भाव काय. कोथिंबीर एक जुडी, दहा रुपये. शेवग्याच्या शेंगा बारा. लिंबं सात. देवाला फुलं, पाच रुपयांची पुडी वाचली. रात्री भांडी आवरली की वही. हे हसायचे, "आली बाई, अकौंटंट!"

गुढी पाडवा २०२४. पुरणपोळीचं जेवण झाल्यावर मी सगळ्यांसमोर बेरीज वाचली. वर्षाची तेवीस हजार सहाशे चाळीस रुपये. आवाजात जरा ऐट होती माझ्या. मुलानं शांतपणे मोबाईलवर हिशेब केला. चार खोल्या, साडेतीन हजारानं महिन्याचे चौदा हजार. वर्षाचे एक लाख अडुसष्ट हजार.

मी हरले होते. माझ्याच वहीनं मला हरवलं होतं.

मी उठून ताटं गोळा करायला लागले. पण ह्यांनी वही ओढून घेतली आणि उगीच पानं चाळायला लागले. चाळता चाळता थांबले, आणि मोठ्यानं वाचायला लागले. हिशेबाच्या कडेनं मी काय काय खरडलं होतं, ते माझं मलाच आठवत नव्हतं. 'शेजारच्या बाळंतिणीला शेपू दिला. पैसे घेतले नाहीत.' 'आत्तींना खोकला, अडुळशाची पानं.' 'आज लेक रुसली होती, मोगऱ्याचा गजरा दिला, हसली.' 'ह्यांना झोप नाही. पहाटे दोघं परड्यात बसलो. पारिजातकाचा सडा.' 'थोरल्याला नोकरीत त्रास आहे. सांगत नाही. आज अर्धा तास नुसता केळीला पाणी घालत उभा होता.'

शेवटच्या ओळीला ह्यांचा आवाज खाली आला. मुलगा मान खाली घालून बसला होता. कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगाच म्हणाला, "आई, परड्यात दोनच खोल्या काढू. रस्त्याकडच्या बाजूला. बाकीच्या दोन पुढं-मागं त्यांच्यावर चढवू. मागची अर्धी बाजू तुझी. गच्चीपण तुझी."

शेवगा मात्र रस्त्याकडच्या बाजूलाच होता. 'हो' मलाच म्हणावं लागलं, आणि मी म्हणाले. घरातल्या माणसांची नड खोटी नव्हती. पण तोडायच्या आधी त्याच्या हातभर लांबीच्या फांद्या काढून घेतल्या. शेवग्याची फांदी मातीत खोचली की सहसा जगतेच. गल्लीतल्या सहा घरांत सहा फांद्या दिल्या. कुऱ्हाड पडली तेव्हा मी टेंबलाईला जाऊन बसले होते.

अजून एक गोष्ट घडली, ती जास्त महत्त्वाची. खोल्यांसाठी ग्रामपंचायतीत कागद करायचे होते. मुलगा उतारा घेऊन बसला होता. घर ह्यांच्या एकट्याच्या नावावर. कॉटवर पडलेल्या आत्ती एकदम म्हणाल्या, "त्येचं नाव हाय ते ऱ्हाऊ दे. पर माती हिनं केलीया. हिचं बी नाव लाव की." घरात शांतता. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, स्वतःचं नाव आयुष्यात कुठल्याच कागदावर नसलेली! खरं तर सरकारनं २००३ मध्येच 'घर दोघांचे' म्हणून निर्णय काढलेला आहे, की ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवावं. पण अर्ज कोण करतंय? ह्यांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. काही महिन्यांनी नमुना आठचा उतारा हातात आला, ह्यांच्या नावाखाली माझं नाव. मी परड्यात होते, हात मातीचे. कागदाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा ठसा उमटला. पुसला नाही, तसाच ठेवलाय.

मध्यंतरी वर्तमानपत्रात वाचलं. २०२४ च्या सरकारी पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं घरच्या बिनपगारी कामात घालवतात, आणि पुरुष ८८ मिनिटं. मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मी चिपाड आणायचो की!" आणलं होतं खरं. ते वहीत नव्हतं. मग तेही लिहून टाकलं.

मैत्रिणींनो, उपदेश करायचा मला अधिकार नाही. पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, आपण दिवसभर काय करतो ते वर्षभर लिहून बघा. बेरीज कमी आली तरी चालेल, कडेला लिहिलेलं जपून ठेवा. दुसरी, घराचा उतारा एकदा काढून बघा, त्यावर कुणाकुणाचं नाव आहे ते.

आता गच्चीवर माझी चाळीस पोती आहेत. चिपाडाची माती हलकी, स्लॅबला भार होत नाही. पोत्यांखाली विटा ठेवल्या की पाणी साचत नाही. गुडघे कुरकुर करतात, पण जिना चढते. खोल्यांत सोलापूरकडचं एक जोडपं राहायला आलंय. मुलगी विशीतली, नवरा रात्रपाळीला, दिवसभर दार लावून एकटी. पहिले दोन महिने तोंड उघडलं नाही पोरीनं. गेल्या आठवड्यात गच्चीवर आली आणि हळूच म्हणाली, "काकू, दारात लावायला काहीतरी द्या की. आमच्या गावी लई झाडं होती."

मी तेलाचा डबा दिला, भोकं कशी पाडायची ते दाखवलं. मोगऱ्याची एक फांदी दिली. ती म्हणाली, "काकू, ही माझ्या हातानं जगंल का?"

मी तिच्या शेजारी उकिडवी बसले. आत्तींचे शब्द आपसूक तोंडात आले. "पोरी, आधी मातीला खायला घाल."